भिंतीवरचा शिअर स्ट्रेस जुळत नाही? तो किती पटींनी चुकतोय ते आधी बघा

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. पाइपमधून पाणी वाहतंय, भिंतीवरचा शिअर स्ट्रेस (वाहतं पाणी भिंतीच्या दर चौरस मीटरला घासून जेवढं ओढतं तेवढं बळ) काढायचा आहे. सूत्राने एक उत्तर येतं, सिम्युलेशन दुसरं देतं आणि प्रेशर ड्रॉप मोजून काढलं तर तिसरंच. मग ठरलेला निष्कर्ष: "प्रवाह टर्ब्युलंट आहे ना, तिथे न्यूटनचा नियम चालत नाही, म्हणून असेल."

चालतो. भिंतीवर तर नक्कीच चालतो. भिंतीला चिकटलेल्या थरात द्रवाचा वेग शून्य असतो आणि वेगातले चढउतारही शून्य असतात, कारण भिंत त्यांना हलू देत नाही. त्यामुळे नेमक्या भिंतीवर टर्ब्युलन्सचा थेट वाटा काहीच उरत नाही. तिथला शिअर स्ट्रेस म्हणजे व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा) गुणिले वेगाचा उतार. हाच न्यूटनचा नियम, प्रवाह लॅमिनार (शांत, थराथराने सरकणारा) असो वा टर्ब्युलंट (भोवऱ्यांनी ढवळलेला). (पुस्तकात याला कर्तन प्रतिबल म्हणतात. रोज बोलताना ते कुणी म्हणत नाही, म्हणून मीही शिअर स्ट्रेसच म्हणतो, कधी नुसता ताण.) गडबड नियमात नसते. उतार कुठे मोजला, कुठलं सूत्र कुठे लावलं आणि कुठलं एकक धरलं, यात ती असते. आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या पटीवरूनच ओळखू येते.

आधी दाबाचा हिशेब

कुठलंही सूत्र उघडण्याआधी हे करा. पाइपचा असा सरळ तुकडा घ्या, जिथे वेगाचा आराखडा स्थिरावलेला आहे, पुढे जाताना बदलत नाही. त्या तुकड्यातल्या पाण्याला मागचा जास्त दाब पुढे ढकलतो, पुढचा कमी दाब अडवतो आणि भिंत सगळ्या घेरावरून मागे ओढते. पाण्याचा वेग वाढत नाही की घटत नाही, म्हणजे ढकलणं आणि ओढणं सारखंच. एवढ्यावरून निघतं ते असं:

भिंतीवरचा शिअर स्ट्रेस = दाबातली घट × व्यास ÷ (४ × लांबी)

यात व्हिस्कॉसिटी कुठेच नाही. रेनॉल्ड्स नंबर (घनता × वेग × व्यास ÷ व्हिस्कॉसिटी; लहान असेल तर प्रवाह लॅमिनार, मोठा असेल तर टर्ब्युलंट) नाही. पाइप आतून गुळगुळीत आहे की खडबडीत, हेही विचारलेलं नाही. हे सूत्र लॅमिनारलाही तेच, टर्ब्युलंटलाही तेच. म्हणून तपासणीचा खुंटा इथे ठोकायचा आणि बाकीची उत्तरं याच्याशी ताडून बघायची. पाइप आडवा नसेल तर उंचीच्या फरकामुळे येणारा दाब आधी वजा करा. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एकच उदाहरण धरू. आतून गुळगुळीत पाइप, आतला व्यास २० मिमी, पाणी २० अंश सेल्सिअसला, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.००१ पास्कल-सेकंद, घनता १००० किलो प्रति घनमीटर धरली तर रेनॉल्ड्स नंबर येतो २०,०००. प्रवाह स्पष्टपणे टर्ब्युलंट. ब्लासियसचं १९१३ सालचं सूत्र (०.३१६ भागिले रेनॉल्ड्स नंबरचं चतुर्थ मूळ) घर्षण गुणांक ०.०२६६ देतं. त्यावरून भिंतीवरचा शिअर स्ट्रेस ३.३२ पास्कल आणि दर मीटरला दाबातली घट सुमारे ६६४ पास्कल. पाण्याच्या स्तंभात सांगायचं तर मीटरभर पाइपमागे जेमतेम ७ सेंटिमीटर.

३.३२ हा आकडा लक्षात ठेवा.

उत्तर नेमक्या पटीत चुकत असेल तर

तुम्हाला ०.४ पास्कल आलं, म्हणजे खऱ्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी? मग तुम्ही ८ × व्हिस्कॉसिटी × वेग ÷ व्यास हे सूत्र वापरलंय. हॅगेन (१८३९) आणि प्वाझय (१८४०) यांच्या प्रयोगांतून आलेल्या नियमाचंच ते रूप. सुंदर सूत्र आहे, पण त्यामागे वेगाचा आराखडा पॅराबोला आहे असं गृहीत धरलेलं असतं. रेनॉल्ड्स नंबर २०,००० असताना तो पॅराबोला उरलेलाच नसतो. मधला सगळा भाग जवळजवळ सपाट होतो आणि वेगाची जवळपास सगळी पडझड भिंतीलगतच्या पातळ पट्ट्यात होते. तिथला उतार इतका उभा होतो की ताण आठ पटींनी वाढतो.

इथे एक गैरसमज बाजूला करतो. टर्ब्युलंट प्रवाहात शिअर स्ट्रेस नेहमी जास्तच, असं सरसकट म्हणता येत नाही. त्याच पाइपातून त्याच वेगाने ०.१ पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटीचं, ९०० घनतेचं तेल सोडा. रेनॉल्ड्स नंबर १८०, प्रवाह अगदी शांत लॅमिनार आणि भिंतीवरचा ताण ४० पास्कल! टर्ब्युलंट पाण्याच्या बारापट. "टर्ब्युलंटमध्ये जास्त" हे वाक्य तोच द्रव, तोच पाइप आणि तोच वेग धरला तरच खरं.

उत्तर बरोबर चारपट किंवा बरोबर एक चतुर्थांश असेल तर फार शोधू नका. डार्सी आणि फॅनिंग, दोघांच्या नावाचे दोन घर्षण गुणांक आहेत आणि डार्सीचा फॅनिंगच्या चौपट असतो. डार्सीचा घेतला तर तो घनता × वेगाचा वर्ग ÷ ८ याने गुणायचा, फॅनिंगचा घेतला तर ÷ २ याने. हातातला तक्ता कुणाचा आहे हे त्यावर छापलेलं नसेल तर लॅमिनार रेषेवर रेनॉल्ड्स नंबर १००० पाशी बघा. तिथे ०.०६४ असेल तर डार्सी, ०.०१६ असेल तर फॅनिंग. मी स्वतः एकदा दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून, एकातला गुणांक आणि दुसऱ्यातलं सूत्र घेऊन दोन दिवस घालवले आहेत. दोन्ही पुस्तकं बरोबर होती, हे त्यातलं सगळ्यात चीड आणणारं.

दुपटीची चूक बहुधा त्रिज्या आणि व्यासाची असते. सपाट पट्टीवरचा प्रवाह असेल तर आणखी एक जागा आहे: एका ठिकाणचा गुणांक आणि पूर्ण लांबीचा सरासरी गुणांक. लॅमिनारमध्ये हे ०.६६४ आणि १.३२८, म्हणजे नेमके दुप्पट. टर्ब्युलंटमध्ये ०.०५९२ आणि ०.०७४, म्हणजे सव्वापट. सव्वापट चूक आली की लोक "प्रयोगात एवढं इकडेतिकडे व्हायचंच" म्हणून सोडून देतात, त्यामुळे ती पटकन पकडली जात नाही.

हजारपट? पाण्याची घनता कुठेतरी राहिली किंवा दोनदा आली. डायनॅमिक व्हिस्कॉसिटीच्या जागी कायनेमॅटिक (म्हणजे तीच, घनतेने भागलेली) घातली की पाण्याच्या बाबतीत नेमकं हेच होतं. ओपनफोम (प्रवाहाच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी हे खास: त्यातले इनकॉम्प्रेसिबल, म्हणजे घनता स्थिर धरणारे, सॉल्व्हर दाब आणि भिंतीवरचा शिअर स्ट्रेस, दोन्ही घनतेने भागून देतात. आपल्या उदाहरणात तिथे ३.३२ ऐवजी ०.००३३ दिसेल आणि एकक असेल मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग. आकडा कुठेही चिकटवण्याआधी त्याचं एकक वाचा. चिन्ह उलटं दिसलं तर तेवढ्याने घाबरू नका. भिंतीने द्रवावर लावलेलं बळ मोजलंय की द्रवाने भिंतीवर लावलेलं, एवढाच प्रश्न असतो.

मेश बारीक केला की उत्तर वाढतच जातं

ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते आणि तिच्यात समजून घेण्यासारखंही सगळ्यात जास्त आहे. (मेश म्हणजे सिम्युलेशनसाठी प्रवाहाचे जे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडतात त्यांची जाळी.) सिम्युलेशनमधून किंवा वेगाच्या मोजमापांतून भिंतीजवळचा पहिला बिंदू घेतात, तिथला वेग भिंतीपासूनच्या अंतराने भागतात, व्हिस्कॉसिटीने गुणतात. रीत चुकीची नाही. पण तो पहिला बिंदू किती जवळ हवा?

आपल्या पाइपात बघू. भिंतीवरचा ताण ३.३२ पास्कल, म्हणून घर्षण-वेग (ताण भागिले घनता, त्याचं वर्गमूळ) सेकंदाला ०.०५७६ मीटर. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीला याने भागलं की भिंतीलगतच्या प्रवाहाची स्वतःची मोजपट्टी मिळते: सुमारे १७ मायक्रोमीटर. भिंतीपासूनचं अंतर या पट्टीने मोजलं की त्याला वाय-प्लस म्हणतात. वाय-प्लस ५ पर्यंत वेग अंतराच्या सरळ प्रमाणात वाढतो. ५ म्हणजे आपल्याकडे ०.०९ मिलिमीटर, साधारण कागदाच्या जाडीएवढं. ३० च्या पुढे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरनंतर, वेग लॉगरिदमच्या चालीने सावकाश वाढतो. मधला ५ ते ३० हा पट्टा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

आता पहिला बिंदू १ मिमीवर ठेवा. २० मिमीच्या पाइपात हे अंतर पुरेसं जवळ वाटतं. तिथे वाय-प्लस ५८ च्या आसपास येतो आणि लॉग नियमाने वेग निघतो ०.८६ मीटर प्रति सेकंद. भागाकार, गुणाकार केला की ताण ०.८६ पास्कल. खऱ्याच्या जवळपास चौथा हिस्सा! बिंदू अर्ध्या मिलिमीटरवर आणला तर दीड पास्कल. पाव मिलिमीटरवर सुमारे अडीच. ०.०५ मिमीवर आणला की मग कुठे ३.३ येतं आणि त्यापुढे मेश कितीही बारीक केला तरी उत्तर तिथेच थांबतं.

म्हणजे उत्तर वाढतंय ते सिम्युलेशन बिघडल्यामुळे नाही. दूरच्या बिंदूवरून काढलेला उतार म्हणजे उभ्या कड्याची आणि वरच्या पठाराची मिळून काढलेली सरासरी. बिंदू जवळ आणत जाल तसं पठार त्यातून गळत जातं आणि कडा उरतो. लॅमिनार प्रवाहात ही अडचण इतकी बोचत नाही, कारण पॅराबोला भिंतीजवळ हळूच वळतो. १ मिमीवरच्या बिंदूने काढलेला ताण तिथे खऱ्यापेक्षा फक्त ५ टक्के कमी येतो. लॅमिनारवर हात बसलेला माणूस टर्ब्युलंटमध्ये फसतो तो याच सवयीने.

वॉल फंक्शन असेल तर

एवढा बारीक मेश परवडत नाही म्हणून वॉल फंक्शन वापरतात. पहिला बिंदू मुद्दाम लॉग पट्ट्यात ठेवायचा आणि तिथल्या वेगावरून लॉग नियम उलटा सोडवून ताण काढायचा. अशा वेळी व्हिस्कॉसिटी गुणिले उतार हा हिशेब पहिल्या सेलवर स्वतः करायला जाऊ नका, सॉफ्टवेअर जो ताण देतं तोच घ्या. दोन्ही रीती मिसळल्या की वर दाखवलेली चौपट चूक पुन्हा दारात हजर.

"वाय-प्लस ३० ते ३००" हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. माझं मत विचाराल तर छोट्या पाइपांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. आपल्या उदाहरणात भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतरच वाय-प्लसमध्ये ५७६ आहे. ३०० म्हणजे भिंत आणि मध्य यांच्या अर्ध्याच्याही पुढे. तिथे लॉग पट्टा कधीच मागे पडलेला असतो. इतक्या कमी रेनॉल्ड्स नंबरला लॉग पट्टा मुळातच अरुंद, साधारण ३० ते १००-१५० इतकाच. त्यात पहिला बिंदू बसवायचा म्हणजे अख्ख्या त्रिज्येत जेमतेम आठ-दहा सेल मावतात. अशा ठिकाणी वॉल फंक्शनचा हट्ट सोडून भिंतीपर्यंत मेश नेलेला बरा: पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस १ च्या आसपास आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्याच्या १.२ पटींहून जाड नको. आणि लक्षात घ्या, वाय-प्लस सहसा सेलच्या मध्यापर्यंतचा असतो. मेश बनवताना सेलची उंची भरायची असेल तर ती त्याच्या दुप्पट.

सगळ्यात वाईट जागा ५ ते ३० च्या मधली. जुन्या पद्धतीची वॉल फंक्शन साधारण ११ या आकड्यावर सरळ रेषेतून लॉग नियमावर उडी मारतात. त्या जागी दोन्ही सूत्रं परिमाणरहित वेग (वेग भागिले घर्षण-वेग) ११ च्या जवळ सांगतात, प्रत्यक्षात तो ९ च्या आसपास असतो. वीसेक टक्क्यांची ही तफावत ताणात उतरते आणि मेश थोडा बदलला की तीही बदलते. "मेश बारीक केला आणि उत्तर जास्त बिघडलं" असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: वाय-प्लस किती होता आणि किती झाला?

याउलट रेनॉल्ड्स नंबर हजारच्या घरात असताना टर्ब्युलन्ससाठीचं के-एप्सिलॉन मॉडेल चालूच ठेवणारेही भेटतात. मॉडेलला प्रवाह लॅमिनार आहे हे कळत नाही. ते प्रामाणिकपणे जादा व्हिस्कॉसिटी घालत राहतं आणि ताण फुगतो. मॉडेल बंद करा, प्रश्न मिटला.

आतल्या भागात ताण "हरवतो"

दुसरी नेहमीची तक्रार अशी. बळांच्या हिशेबावरून पाइपमधला शिअर स्ट्रेस मध्यावर शून्य आणि भिंतीवर सर्वांत जास्त, मधे सरळ रेषा, असं यायला हवं. पण टर्ब्युलंट प्रवाहाच्या सरासरी वेगाचा उतार घेऊन व्हिस्कॉसिटीने गुणला आणि आलेख काढला तर रेषा येतच नाही. भिंतीपाशी एक टोकदार सुळका आणि बाकी सगळीकडे जमिनीला टेकलेली ओळ.

आलेख बरोबर आहे, फक्त अर्धाच आहे. मध्य आणि भिंत यांच्या बरोबर मधे उभे राहा. सरळ रेषेनुसार तिथला ताण ३.३२ चा निम्मा, १.६६ पास्कल हवा. सरासरी वेगाचा उतार तिथे सेकंदाला ३० च्या आसपास, म्हणजे व्हिस्कॉसिटीचा वाटा फक्त ०.०३ पास्कल. दोन टक्केसुद्धा नाही. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के रेनॉल्ड्स स्ट्रेसचे.

तो येतो कुठून? भोवऱ्यांमुळे भिंतीकडचं मंद पाणी मधल्या भागात फेकलं जातं आणि तिथल्या वेगवान पाण्याला मागे खेचतं. त्याच्या जागी मधलं वेगवान पाणी भिंतीकडे घुसतं आणि तिथल्या मंद पाण्याला ढकलतं. आडव्या आणि उभ्या चढउतारांचा गुणाकार सरासरीत शून्य होत नाही. त्याला घनतेने गुणलं आणि चिन्ह बदललं की रेनॉल्ड्स स्ट्रेस. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने वेगाची सरासरी आणि चढउतार अशी फोड १८९५ मध्ये मांडली, त्यातूनच ही संज्ञा बाहेर पडली. त्याआधी १८७७ मध्ये बूसिनेस्कने या ताणाला जणू वाढीव व्हिस्कॉसिटी मानून चालायची युक्ती काढली होती. आपल्या बिंदूवर ही "भोवऱ्यांची व्हिस्कॉसिटी" पाण्याच्या स्वतःच्या व्हिस्कॉसिटीच्या पन्नासेक पट निघते. पण ती पाण्याचा गुणधर्म नाही, त्या जागच्या प्रवाहाचा आहे. जागा बदलली की आकडा बदलतो.

दोन्ही वाटे सारखे होतात ते वाय-प्लस १२ च्या आसपास, म्हणजे आपल्या पाइपात भिंतीपासून ०.२ मिमीवर. त्याच्या आत व्हिस्कॉसिटीचं राज्य, बाहेर भोवऱ्यांचं. तुमच्याकडे सिम्युलेशनचा डेटा असेल तर दोन्ही वाटे मिळवून आलेख काढा. सरळ रेषा आली तर सरासरी घेण्यासाठीचा काळ पुरेसा होता. रेषा वळवळत असेल तर सिम्युलेशन आणखी चालवा. कारण क्षणोक्षणीचा भिंतीवरचा ताण स्थिर नसतोच, तो सरासरीच्या भोवती ४० टक्क्यांच्या आसपास (प्रमाण विचलन धरून) हलत असतो. एका क्षणाचं चित्र घेऊन त्याची सूत्राशी तुलना करणं फोल आहे.

प्रयोगातली गडबड

इथे पहिला संशयित व्यास. पाइपवर लिहिलेला व्यास आणि आतला खरा व्यास एक असेलच असं नाही. प्रवाहाचं आकारमान मोजून त्यावरून ताण काढायचा असेल तर लॅमिनारमध्ये व्यासाचा घन छेदात येतो, टर्ब्युलंटमध्ये त्याहून थोडी मोठी घात, ३.७५. आतला व्यास २० ऐवजी १९ मिमी असला तर ब्लासियसच्या हिशेबाने ताण २१ टक्क्यांनी वाढतो. स्केलने मोजू नका, कॅलिपरने मोजा.

दुसरा संशयित प्रवेशाजवळची लांबी. पाणी पाइपात शिरल्यावर वेगाचा आराखडा बनायला जागा लागते आणि तोवर भिंतीवरचा ताण जास्त असतो. शिवाय आराखडा बदलण्यातही दाब खर्च होतो, त्यामुळे वरचं दाबाचं सूत्र तिथे लागू पडत नाही. लॅमिनारमध्ये ही लांबी व्यासाच्या सुमारे ०.०६ × रेनॉल्ड्स नंबर इतकी पट असते. रेनॉल्ड्स नंबर २००० ला १२० व्यास! टर्ब्युलंटमध्ये दहा ते चाळीस व्यास पुरतात. लोक टर्ब्युलंटची काळजी करतात आणि लॅमिनारच्या प्रयोगात पहिली टॅपिंग (दाब मोजायचं छिद्र) तोंडाशीच ठेवतात.

तापमानाची गोष्ट मात्र थोडी मजेशीर आहे. पाणी २० वरून ४० अंशांवर गेलं की त्याची व्हिस्कॉसिटी १.०० वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदवर येते. लॅमिनारमध्ये ताण त्याच प्रमाणात पस्तीस टक्के घटतो. टर्ब्युलंटमध्ये गुळगुळीत पाइपात तो व्हिस्कॉसिटीच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात असल्याने दहाच टक्के घटतो. तापमान नोंदवायला विसरला असाल तर टर्ब्युलंटची रीडिंग थोडीफार वाचतात, लॅमिनारची मात्र हातातून गेली.

कशावरूनच काही उमगत नसेल तर प्रवाह दुप्पट करा. ताण दुप्पट झाला तर लॅमिनार. साडेतीन पटींच्या जरा खाली, ३.३६ च्या आसपास गेला तर गुळगुळीत पाइपातला टर्ब्युलंट, कारण तिथे वेगाची घात १.७५ आहे. चौपट झाला तर भिंत खडबडीत, व्हिस्कॉसिटीचा संबंध जवळपास संपला. १८८३ मध्ये रेनॉल्ड्सनेही दाबाची घट वेगाच्या कुठल्या घाताने वाढते हे असंच तपासलं होतं. लॅमिनारमध्ये त्याला १ मिळाला, टर्ब्युलंटमध्ये सुमारे १.७२. त्याचा रंगीत धाग्याचा (पाण्यात सोडलेल्या रंगाच्या बारीक धारेचा) प्रयोग सगळ्यांना आठवतो, याची आठवण फारशी कुणाला नसते. मला हीच चाचणी जास्त आवडते, कारण तिला ना घनता लागते ना व्हिस्कॉसिटी.

आणि चाचणीचा निकाल धड दोन नाही, धड साडेतीन नाही असा आला तर? मग रेनॉल्ड्स नंबर पुन्हा काढा. १० मिमी व्यासाच्या नळीवर मी स्वतः काम करत होतो, दोन टॅपिंगमधलं अंतर २ मीटर, वेग सेकंदाला ०.२६ मीटर. मॅनोमीटरमधलं (दाबातला फरक पाण्याच्या उंचीत दाखवणाऱ्या नळ्यांमधलं) पाणी स्थिरच होईना. फरक कधी १७ मिलिमीटरच्या जवळ जायचा, कधी ३० च्या, काही सेकंद इकडे, काही सेकंद तिकडे. माझी खात्री झाली की नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकलाय. अख्खी दुपार हवा काढण्यात गेली. नळ्या उघडल्या, टिचक्या मारल्या, पुन्हा भरल्या, जोड बदलले. पाणी हलतच राहिलं.

संध्याकाळी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं. रेनॉल्ड्स नंबर २६००. प्रवाह लॅमिनार असता तर फरक १७ मिमी यायला हवा होता, टर्ब्युलंट असता तर साडेतीस. मॅनोमीटर खरंच बोलत होता: नळीतून टर्ब्युलंट पाण्याचे गोळे आणि शांत पाण्याचे तुकडे आलटून पालटून जात होते. २३०० ते ४००० च्या पट्ट्यात हे व्हायचंच, आणि तिथे भिंतीवरच्या ताणाला एकच आकडा मागण्यात अर्थ नसतो. व्हॉल्व्ह थोडा मिटवून वेग ०.१८ वर आणला. मॅनोमीटर जागच्या जागी थांबला आणि फरक १२ मिमीला एक धागा कमी. ८ × व्हिस्कॉसिटी × वेग ÷ व्यास करून बघितलं, ०.१४४ पास्कल. दाबावरून काढलं, तेच.